‘मराठी’ या शब्दात अक्षरं किती? शेल आणि युनिकोडची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात एका फोल्डरपासून करतो. माझ्या जुन्या हार्डडिस्कवर ट्रेकच्या फोटोंचा एक फोल्डर आहे, नाव ‘दऱ्याखोऱ्या’. परवा टर्मिनल उघडलं, फोल्डरांची यादी मागवली, तर त्यात ‘दऱ्याखोऱ्या’ व्यवस्थित दिसतंय. मग आत शिरायची कमांड दिली, नाव हाताने टाइप केलं. उत्तर आलं, असा फोल्डर नाही. पुन्हा यादी मागवली, आहे. पुन्हा शिरायला गेलो, नाही. दोन्ही नावं एकाखाली एक ठेवून ताडून पाहिली. वेलांटी-काना सगळं जागच्या जागी, काडीचा फरक नाही.

शेवटी नाव कॉपी-पेस्ट करून आत गेलो. फोटो सापडले, पण डोक्यात किडा वळवळत राहिला. या घोळाचा माग काढत गेलं की आपण पोचतो थेट १९७९ सालात, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये.

ज्यांनी टर्मिनल कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट आधी सांगतो. शेल म्हणजे ती ओळ वाचणारा प्रोग्रॅम. तुम्ही काहीतरी टाइप करून एंटर दाबता, शेल ती ओळ वाचतो, तिचे तुकडे पाडतो आणि कोणता प्रोग्रॅम कशावर चालवायचा ते ठरवतो. मोकळी जागा दिसली की शब्द संपला. डॉलर दिसला की पुढे व्हेरिएबल आहे. तिरकी रेघ दिसली की फोल्डर बदलला. म्हणजे शेलचा सगळा संसार एकेका अक्षरावर चालतो. त्यामुळे ‘अक्षर म्हणजे काय’ या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे असावंच लागतं.

१९७९ मध्ये ते उत्तर सोपं होतं. एक अक्षर म्हणजे एक बाइट. त्या वर्षी युनिक्सची सातवी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत स्टीफन बॉर्न यांनी लिहिलेला शेल आला. आजचे बहुतेक शेल त्याच्याच वळणावर गेलेले आहेत. तेव्हा अक्षरं आस्कीची, म्हणजे इंग्रजी लिपी, आकडे, विरामचिन्हं आणि न दिसणाऱ्या नियंत्रणखुणा मिळून १२८. त्यांना सात बिट पुरतात. बाइटमध्ये बिट असतात आठ. म्हणजे प्रत्येक अक्षरामागे एक बिट रिकामा. मेमरी तेव्हा सोन्याच्या भावाची. एवढी मोकळी जागा कोण सोडेल?

बॉर्न यांनी ती वापरली. कशासाठी, ते पाहा. शेलमध्ये डॉलरला खास अर्थ आहे, पण तोच डॉलर अवतरणचिन्हांत लिहिला तर तो नुसता डॉलर. हे शेलला पुढच्या टप्प्यांपर्यंत लक्षात ठेवावं लागतं. बॉर्न शेलने त्यासाठी आठव्या बिटावर खूण केली. बिट चालू, म्हणजे हे अक्षर अवतरणात होतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. काम झालं की शेवटी सगळ्या खुणा पुसायच्या, म्हणजे आठवा बिट शून्य करायचा. बर्कलीत बिल जॉय यांनी लिहिलेल्या सी शेलनेही हीच युक्ती केली. हुशार युक्ती होती, मी तिला नावं ठेवणार नाही. फक्त तिच्या पोटात एक गृहीतक होतं: जगातल्या कुठल्याही खऱ्या अक्षराला आठवा बिट लागणार नाही.

आता एक मजा करू. समजा, आजच्या पद्धतीने साठवलेला ‘मराठी’ हा शब्द कोणी त्या शेलच्या हातात दिला असता. आज आपण मजकूर यूटीएफ-८ मध्ये ठेवतो आणि त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘म’चे बाइट २२४, १६४ आणि १७४. तिन्हींचा आठवा बिट चालू. शेल म्हणणार, ही अवतरणातली अक्षरं दिसतात. आणि शेवटी खुणा पुसणार, म्हणजे प्रत्येकातून १२८ वजा करणार. उरले ९६, ३६ आणि ४६. आस्कीत ९६ म्हणजे उलटं अवतरणचिन्ह, ३६ म्हणजे डॉलर, ४६ म्हणजे पूर्णविरामाचा ठिपका. सबंध शब्दाचं काय होतं ते ऐकणाऱ्यांना सांगणं कठीण आहे, ब्लॉग वाचणाऱ्यांना इथे दिसेल:

`$.`$0`$>`$ `%

आणि याच्या शेवटी एक शून्य बाइट, जो सी भाषेत मजकूर संपल्याची खूण असतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह २२४ ने सुरू होतं, त्यामुळे प्रत्येकाच्या जागी ते उलटं अवतरणचिन्ह येणारच. ओळ वाचताना शेल ज्या चिन्हांकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो, नेमकी तीच. अर्थात १९७९ मध्ये यूटीएफ-८ जन्माला आलेलं नव्हतं, तेव्हा हे नुसतं कल्पनेतलं. पण आठव्या बिटाची अडचण कल्पनेतली नव्हती. युरोपला आपली स्वरचिन्हांची अक्षरं त्याच वरच्या अर्ध्या भागात ठेवायची होती. आणि आपल्यालाही.

इथे पुण्याचा संबंध येतो. ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी जिस्ट नावाचं तंत्र सुरू झालं, पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. जिस्टचं कार्ड संगणकात बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची. त्यामागची संकेतपद्धती म्हणजे इस्की. १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली, क्रमांक १३१९४. रचना अशी, की खालच्या अर्ध्या भागात आस्की जशीच्या तशी, वरच्या अर्ध्या भागात भारतीय अक्षरं. म्हणजे आपलं प्रत्येक अक्षर आठव्या बिटावर उभं. युनिकोडने देवनागरीचा तक्ता मांडला तो इस्कीच्या १९८८ च्या मसुद्याचा क्रम धरून, त्यामुळे आज तुमच्या फोनमध्ये ‘क’नंतर ‘ख’ ज्या क्रमाने बसलेत तो तिथून आलेला आहे.

शेलवाल्यांनी हळूहळू आठवा बिट मोकळा केला. यातली सी शेलच्या घराण्यातली गोष्ट मला फार आवडते. त्याचा सुधारलेला भाऊ टीसी शेल. तिथे खूण काढून टाकली नाही, हलवली. अक्षरासाठी आठऐवजी सोळा बिटांची जागा घेतली आणि अवतरणाची खूण सोळाव्या बिटावर नेली. मग युनिकोड आलं, सोळा बिट अपुरे पडले. तेव्हा जागा बत्तीस बिटांची केली आणि खूण बत्तिसाव्यावर गेली. युनिकोडला एकवीस बिट पुरतात, त्यामुळे आता तिला तिथून कोणी हुसकावणार नाही. भाडेकरूने दोनदा बिऱ्हाड हलवावं आणि शेवटी गच्चीवरच्या खोलीत कायमचं राहावं, तसं झालं.

आता १९९२. बेल लॅब्जमध्ये रॉब पाइक, केन थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी प्लॅन नाइन नावाची नवी ऑपरेटिंग सिस्टिम करत होते. जगातल्या सगळ्या लिप्या तिच्यात चालाव्यात असं त्यांनी आधीच ठरवलं होतं आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकाच्या मसुद्यातली यूटीएफ नावाची पद्धत वापरत होते. ती त्यांना मुळीच आवडत नव्हती. तिच्यात बहुबाइटी अक्षराच्या पोटात साधे आस्कीचे बाइट येऊ शकत, अगदी तिरकी रेघसुद्धा. म्हणजे फाइलच्या नावात एखादं परकीय अक्षर लिहिलं, की त्यातल्या एका बाइटला शेल आणि कर्नेल फोल्डरची सीमा समजणार. जपानी प्रोग्रॅमर हा त्रास आधीपासून भोगत होते. त्यांच्या शिफ्ट-जिस पद्धतीत काही अक्षरांचा दुसरा बाइट म्हणजे नेमकी उलटी तिरकी रेघ, जी शेलसाठी खास चिन्ह आहे.

२ सप्टेंबर १९९२, बुधवार. एक्स/ओपन या मानकसंस्थेच्या लोकांचा फोन आला. त्यांच्याकडे नव्या पद्धतीचा एक प्रस्ताव होता, त्यावर या दोघांचं मत हवं होतं. प्रस्तावाच्या नावातच ‘फाइल सिस्टिम सेफ’ हे शब्द होते, यावरून दुखणं कुठे होतं ते कळतं. पाइक यांनी पुढे २००३ मध्ये ही हकिकत लिहून ठेवली आहे. फोनवर ते म्हणाले, मत देण्यापेक्षा आम्हीच चांगली पद्धत करून दिली तर? तिकडून होकार आला, पण वेळ थोडा होता. संध्याकाळी दोघं न्यू जर्सीतल्या एका साध्या खानावळीत जेवायला गेले आणि तिथे टेबलावरच्या कागदी मॅटवर थॉम्पसन यांनी बिटांची मांडणी केली. त्याच रात्री त्यांनी कोड लिहायला घेतला, आणि शुक्रवारी प्लॅन नाइन पूर्णपणे नव्या पद्धतीवर चालत होती. तीच आजची यूटीएफ-८. तो मॅट जपून ठेवला नाही, याची हळहळ पाइक यांना नंतर वाटत राहिली.

या मांडणीचं शेलच्या दृष्टीने मर्म एकच. आस्कीची अक्षरं होती तशीच राहिली, एका बाइटची. बाकी सगळ्या अक्षरांचा प्रत्येक बाइट आठवा बिट चालू ठेवूनच येतो. म्हणजे डॉलरचा बाइट दिसला तर तो डॉलरच, कुठल्याही ‘म’च्या पोटातला तुकडा नव्हे. शिवाय अक्षराचा पहिला बाइट आणि पुढचे बाइट वेगळे ओळखू येतात, त्यामुळे मजकुराच्या मध्यात कुठेही उतरलात तरी दोन-तीन पावलांत अक्षराची सुरुवात सापडते. याचा फायदा असा, की ज्या प्रोग्रॅमला अक्षरांशी देणंघेणं नाही, नुसता मजकूर इकडून तिकडे न्यायचा आहे, त्याला काहीही बदल करावा लागत नाही.

पण ज्याला अक्षर मोजायचं आहे, पुसायचं आहे, पडद्यावर मांडायचं आहे, त्याची सुटका नव्हती. शेल हे सगळंच करतो.

लिनक्सवर बॅश हा शेल सर्वात रुळलेला. त्यात आणि त्याच्या ओळ संपादन करणाऱ्या रीडलाइन या भागात बहुबाइटी अक्षरांची सोय २००२ मध्ये आली, म्हणजे खानावळीतल्या त्या जेवणानंतर दहा वर्षांनी. त्याच वर्षी रेड हॅटने आपली लिनक्स आवृत्ती मुळातच यूटीएफ-८ वर ठेवून बाजारात आणली. तोवर काय व्हायचं? तुम्ही ‘क’ टाइप करून बॅकस्पेस दाबलात, की तीनपैकी एक बाइट पुसला जायचा. दोन बाइटांचा लंगडा तुकडा ओळीत उरायचा आणि पडद्यावर कर्सर भलतीकडेच. शेल सुधारला तरी एक कोपरा राहिलाच. शेल चालू नसताना, एखादा साधा प्रोग्रॅम तुमच्याकडून ओळ मागतो तेव्हा बॅकस्पेस सांभाळतो तो थेट लिनक्सचा कर्नेल. मधले बाइट ओलांडून अख्खं अक्षर पुसायचं हे त्याला २००४ मध्ये शिकवावं लागलं, त्यासाठी एक नवी खूण टर्मिनलच्या मांडणीत घातली गेली. एका बॅकस्पेससाठी तीन वेगवेगळ्या ठिकाणची माणसं कामाला लागली.

फिश नावाचा शेल २००५ मध्ये आला. त्याने वेगळा रस्ता धरला. आत येणारा सगळा मजकूर दारातच सुट्या युनिकोड चिन्हांत बदलून घ्यायचा आणि आतमध्ये बाइटचा विचारच करायचा नाही. पण युनिक्समध्ये फाइलचं नाव म्हणजे बाइटांची कुठलीही माळ असू शकते, चुकीची असली तरी. मग न समजलेल्या बाइटांसाठी फिशने युनिकोडच्या खासगी वापराच्या पट्ट्यात जागा राखून ठेवली. मला विचाराल तर हा प्रामाणिक मार्ग आहे. कळलं नाही ते टाकून न देता बाजूला नीट ठेवायचं.

विंडोजची कथा वेगळ्याच वळणाची. १९९३ च्या एनटीपासून आतला मजकूर युनिकोड होता, पण काळी खिडकी डॉसच्या काळातल्या कोड पेजांना चिकटून राहिली. आणि मराठीसाठी तसं जुनं कोड पेज विंडोजमध्ये कधी नव्हतंच. तिथल्या यादीत मराठीपुढे शून्य. त्यामुळे वर्डमध्ये सुरेख दिसणारं मराठी त्या काळ्या खिडकीत चौकोन किंवा प्रश्नचिन्हं होऊन यायचं. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या विंडोज टर्मिनलने यातलं बरंच निस्तरलं.

आणि ब्रायन कर्निहान. ऑक ही मजकूर चाळणारी छोटी भाषा १९७७ ची, नावातली तीन इंग्रजी अक्षरं तिच्या तीन निर्मात्यांची, त्यातले ‘क’ म्हणजे कर्निहान. शेलच्या जोडीने ती जगभर वापरली जाते. मूळ ऑकला युनिकोड येत नव्हतं. २०२२ मध्ये ते काम कर्निहान यांनी स्वतः केलं. वय वर्षं ८०. पंचेचाळीस वर्षांपूर्वी केलेल्या गृहीतकाची दुरुस्ती त्याच हातांनी.

तर ऑकने आणि बॅशने काय साधलं? ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली की पूर्वी १५ यायची, बाइटांची संख्या. आता ५ येते. म, र, काना, ठ, वेलांटी. युनिकोडच्या दृष्टीने ही पाच चिन्हं. पण दुसरीतल्या पोराला विचारा, ते म्हणेल तीन. म, रा, ठी.

इथपासून पुढचा रस्ता इंग्रजी-युरोपीय लिप्यांचा नाही, आपला आहे, आणि तो अजून पुरा झालेला नाही. टर्मिनलचा पडदा म्हणजे चौकटींचा कागद. कुठलं चिन्ह किती चौकटी खाणार हे शेलला आधी कळावं लागतं, नाहीतर कर्सर चुकतो. केंब्रिजच्या मार्कुस कून यांनी यासाठी केलेली रुंदीची गणना अनेक टर्मिनलांनी उचलली. तिच्यात अक्षराच्या वरखाली बसणाऱ्या खुणांची रुंदी शून्य, बाजूला जागा घेणाऱ्या खुणांची एक. त्यामुळे उकार शून्य आणि काना एक. परिणामी ‘कु’ ओलांडायला बॅशमध्ये कर्सर एक पाऊल टाकतो, ‘का’ ओलांडायला दोन. आणि पहिली वेलांटी तर मेमरीत ‘क’च्या नंतर बसते पण दिसते आधी. चौकट-चौकट रंगवणाऱ्या साध्या टर्मिनलला हे झेपत नाही. ‘कि’ऐवजी क आणि शेजारी पोरकी वेलांटी दिसते.

जोडाक्षरांचं तर विचारूच नका. शेलमध्ये चौकटी कंसात ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत असा पट्टा दिला, की आपल्याला वाटतं सगळी व्यंजनं आली. शेल वाचतो असं: ‘क’पासून ‘ज’पर्यंत, शिवाय एक हलन्त खूण, शिवाय ‘ञ’. ‘ट’ने सुरू होणाऱ्या तुमच्या फाइली बाहेरच राहिल्या, आणि चूक झाली असं कोणी सांगतही नाही.

आता माझ्या फोल्डराकडे येतो. ‘दऱ्या’मधला तो अर्धचंद्रासारखा र. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचं अनेकवचन, हा फरक मराठीला जिवाभावाचा. युनिकोडमध्ये तो लिहायचे दोन मार्ग आहेत. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह घेऊन त्याला हलन्त करायचं. गंमत म्हणजे हे चिन्ह तक्त्यात आहे ते मुळात द्राविडी भाषांतला एक ‘र’ देवनागरीत दाखवण्यासाठी. दुसरा मार्ग जुना: साधा र, हलन्त आणि मग एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. बाइट वेगळे. माझ्या जुन्या संगणकाच्या कळफलकाने अदृश्य खुणेचा मार्ग घेतला होता, आताचा ‘ऱ’ घेतो. शेल दोन नावांचे बाइट ताडून पाहतो, आणि त्याच्या लेखी ती दोन गावं आहेत.

युनिकोडकडे सारख्या लिखाणांना एका रूपात आणायचे नियम आहेत, पण ते ‘ऱ’ आणि नुक्ता लावलेला र यांना एक मानतात. अदृश्य खुणेच्या रूपाला नाही. ‘ॲ’चंही तेच. हे चिन्ह युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देत होते. ते जुनं ‘ॲप’ आणि नवं ‘ॲप’ कुठल्याच नियमाने एक ठरत नाहीत, म्हणून ग्रेपने शोधायचं तर दोन्ही रूपं द्यावी लागतात.

आणि अक्षर म्हणजे काय, या प्रश्नाचं युनिकोडचं स्वतःचं उत्तरही फार उशिरा बदललं. वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटतं ते कुठे संपतं, याचे त्यांचे नियम आहेत. ‘क्षत्रिय’ घ्या. २४ बाइट, ८ चिन्हं. त्या नियमांनी त्याचे तुकडे पाच पडायचे, कारण हलन्तानंतर तोडायला परवानगी होती. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी नवा नियम घातला गेला आणि तेव्हापासून ‘क्षत्रिय’ तीन अक्षरांचा आहे. क्ष, त्रि, य. बॅशला विचारलंत तर तो आजही आठच सांगतो. मी काल रात्रीच विचारून पाहिलं, आणि मग त्या फोल्डराचं नाव बदलून ‘ऱ’वालं करून टाकलं. आता टाइप करून आत जाता येतं.